खाल्ल्या मिठाला जागणारी ग्रंथि

वाशीम जिल्ह्यापासून समुद्र फार दूर आहे. पैनगंगेच्या कांठच्या गांवांत जन्म घेऊन तेथेंच म्हातारीं झालेलीं अशीं कितीतरी माणसें आढळतील कीं, ज्यांनीं समुद्र कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं. समुद्राच्या पाण्यांतून निघालेलें मीठ मात्र त्यांच्या पानांत रोज सर्वांआधीं वाढलें जातें. आगगाडी नव्हती त्या काळीं हें मीठ लमाणांच्या तांड्यांबरोबर बैलांच्या पाठीवरून येत असे. धान्य आणि कापूस घेऊन तांडे किनाऱ्याकडे जात आणि परततांना मिठाच्या गोणी आणीत. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ या शब्दापासून आला असें मानतात. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांच्या दर्शनाला आजहि जो बंजारा समाज लोटतो, त्याच्या पूर्वजांनीं या मुलखाच्या जेवणाला चव पुरविली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या गोणींतून चव आली. पण एक वस्तु पुरेशी येत नव्हती. ती वस्तु म्हणजे आयोडीन. समुद्राच्या पाण्यांत आयोडीन असतें. परंतु मिठागरांत पाणी आटून मीठ तयार होतांना त्यांतील फारच थोडें मिठांत उतरतें. डोंगरउताराची जमीन तर शतकानुशतकें पावसानें धुपत आलेली. तिच्यांतलें आयोडीनहि नदीनाल्यांवाटें समुद्राकडेच गेलेलें. अशा जमिनींतल्या धान्यांत आणि भाजीपाल्यांत तें थोडेंच असावयाचें. या एका द्रव्याची उणीव पडली म्हणजे घरांतील मूल मठ्ठ ठरतें, कामसू बाई आळशी ठरते. आणि ज्या दोषाचें मूळ गळ्यांतील एका लहानशा ग्रंथींत असतें, त्याचें खापर स्वभावावर, नाहीं तर नशिबावर फुटतें. ही ग्रंथि आणि शरीरांतील तिच्यासारख्या इतर ग्रंथी यांची ओळख करून घेणें ही नुसती ज्ञानाची हौस नव्हे. घरांतल्या माणसांस न्याय देण्यासाठींहि ती ओळख हवी.

ग्रंथि म्हणजे रक्तांतून कांहीं द्रव्यें घेऊन त्यांपासून नवा रस तयार करणारा अवयव. ग्रंथी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथींना नळी असते. लाळेच्या ग्रंथी तोंडांत लाळ सोडतात, घामाच्या ग्रंथी त्वचेवर घाम आणतात. पाटाचें पाणी जसें ठरलेल्या वाफ्यांतच जातें, तसा यांचा रस ठरलेल्या जागींच पोंचतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथींना नळी नसते. त्या आपला रस सरळ रक्तांत मिसळतात आणि रक्ताबरोबर तो शरीरभर फिरतो. या ग्रंथींना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात, आणि त्यांच्या रसांतील कार्यकारी द्रव्यांना संप्रेरकें किंवा हॉर्मोन.

हॉर्मोन हा शब्द फार जुना नाहीं. १९०२ सालीं लंडन येथें बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनीं असें दाखवून दिलें कीं, लहान आंतड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले तरीहि आंतड्यांतून एक द्रव्य रक्तांत जातें, आणि तें पोंचतांच स्वादुपिंड आपला पाचक रस सोडूं लागतें. निरोप मज्जातंतूंवाटें गेला नव्हता. तो रक्तावाटें गेला होता. १९०५ सालीं स्टार्लिंगनें अशा द्रव्यांसाठीं ग्रीक भाषेंतील ‘चेतविणें’ या अर्थाच्या धातूवरून हॉर्मोन हें नांव योजिलें.

शरीरांत निरोप पोंचविण्याचे हे दोन मार्ग ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. मज्जातंतूंचा निरोप जुन्या तारेसारखा असतो. तो एका पत्त्यावर जातो आणि क्षणांत पोंचतो. संप्रेरकाचा निरोप दवंडीसारखा असतो. दवंडी सगळ्या गांवाला ऐकूं येते. पण ‘ज्यांचा सारा थकला असेल त्यांनीं चावडीवर यावें’ असें पुकारलें म्हणजे ज्याचा सारा थकला असेल तोच उठतो, बाकीचे आपल्या कामांत राहतात. त्याचप्रमाणें रक्तांतून फिरणारें संप्रेरक सर्व अवयवांजवळून जातें. पण ज्या पेशींना त्याची भाषा कळते त्याच जाग्या होतात.

आतां या ग्रंथी कोठें असतात तें पाहूं. मेंदूच्या तळाशीं हरभऱ्याच्या दाण्याएवढी पोष ग्रंथि असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. तिचें वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतें. गळ्यांत, कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेला पुढून बिलगलेली, फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथि असते. हिलाच घरोघर थायरॉईड म्हणतात, आणि तिच्या रोगालाहि तेंच नांव देतात. अवटूच्या पाठीमागें मसुरीच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटु ग्रंथी असून रक्तांतील कॅल्शियम त्यांच्या ताब्यांत असतें. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या त्या अधिवृक्क ग्रंथी. जठराच्या मागें आडवें पडलेलें स्वादुपिंड दोन्ही प्रकारांत मोडतें. त्याचा पाचक रस नळीनें आंतड्यांत जातो आणि त्याच्यांत विखुरलेल्या पेशींच्या लहान लहान बेटांतून इन्शुलिन सरळ रक्तांत जातें. शेवटीं स्त्रीचे अंडाशय आणि पुरुषाचे वृषण. मूर्ति लहान पण कीर्ति महान ही म्हण या ग्रंथींना तंतोतंत लागू पडते.

यांच्या कारभारांत समतोल कसा राहतो, हें अवटूच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. अवटु ग्रंथि थायरॉक्सिन नांवाचें संप्रेरक तयार करते. तें रक्तांत किती आहे, यावर मेंदूचा आणि पोष ग्रंथीचा डोळा असतो. तें कमी पडलें कीं पोष ग्रंथि अवटूला तगादा लावणारें दुसरें संप्रेरक सोडते. तपासणीच्या कागदावर टी. एस. एच. म्हणून जो आंकडा छापलेला असतो, तो या तगाद्याचा आंकडा होय. तगादा वाढला म्हणजे वसुली थकली असें समजावें. आंकडा फार मोठा असेल तर बहुधा अवटु मंद पडलेली असते. उलट रक्तांत थायरॉक्सिन भरमसाट झालें तर पोष ग्रंथि तगादा थांबवते आणि आंकडा जवळजवळ शून्यावर येतो. ‘आंकडा वाढला म्हणजे ग्रंथीचा जोर वाढला’ असा जो समज पुष्कळांचा होतो, तो यामुळें चुकीचा ठरतो.

थायरॉक्सिन तयार करावयाचें तर आयोडीन लागतें. त्यावांचून तें होतच नाहीं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारें १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतें. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या हिशेबानें सत्तर वर्षांच्या आयुष्यांत एका माणसाला चार ग्रॅमहूनहि कमी, म्हणजे चहाच्या चमच्यांत मावेल एवढेंच आयोडीन लागतें. परंतु तें एकदम घेऊन ठेवतां येत नाहीं. थोडें थोडें रोज मिळावें लागतें. गरोदर बाईची गरज अधिक असते. तिला दिवसाला सुमारें २५० मायक्रोग्रॅम हवें, कारण पोटांतील बाळाचा मेंदू त्यावर घडत असतो.

आयोडीन पुरेसें न मिळालें तर पोष ग्रंथीचा तगादा अखंड चालू राहतो. बिचारी अवटु आहे त्या मालांत अधिक काम करावें म्हणून आपला पसारा वाढविते, आणि गळ्यावर सूज दिसूं लागते. यालाच गलगंड म्हणतात. हिमालयाच्या पायथ्याशीं हा रोग पूर्वापार ठाऊक होता, म्हणून तो डोंगरी लोकांचा रोग, आपल्याकडे त्याचें काय काम, अशी समजूत होती. पुढें देशभर पाहण्या झाल्या तेव्हां पाहणी केलेल्या ३२५ जिल्ह्यांपैकीं २६३ जिल्ह्यांत आयोडीनच्या उणिवेचे रोग ठळक प्रमाणांत आढळले. एकहि राज्य त्यांतून सुटलें नव्हतें.

गळ्यावरची सूज दिसते तरी. न दिसणारी हानि तिच्याहून मोठी असते. अवटूचें संप्रेरक शरीराच्या चुलींतील जाळ राखणारें आहे. तें कमी पडलें कीं सर्वच कारभार मंदावतो. माणूस सकाळीं उठतांनाच थकलेला असतो. इतरांना पंखा लागतो तेव्हां याला पांघरूण लागतें. त्वचा कोरडी पडते, केंस गळतात, शौचास साफ होत नाहीं, आवाज घोगरा होतो, खाणें न वाढतां वजन वाढतें, विसर पडूं लागतो. स्त्रियांची पाळी बिघडते. गर्भ राहत नाहीं किंवा राहिलेला टिकत नाहीं. अशा बाईला घरांत काय काय ऐकावें लागतें, हें सांगावयास नको. ‘नुसती पडून असते’, ‘माहेरीं लाडावलेली’, ‘हिचा पायगुणच वाईट’ हीं वाक्यें ज्या घरांत बोललीं जातात, तेथें आधीं तिच्या रक्ताची तपासणी झाली पाहिजे.

हा रोग केवळ आयोडीनच्या उणिवेनेंच होतो असें मात्र नाहीं. शरीराची संरक्षक शक्ति चुकून आपल्याच अवटूवर उलटते आणि तिचा हळूहळू नाश करते, असाहि एक प्रकार आहे. १९१२ सालीं हाशिमोटो या जपानी डॉक्टरनें त्याचें वर्णन केलें. मिठांतून आयोडीन मिळूं लागल्यावर मोठ्या माणसांत अवटु मंद पडण्याचें हेंच प्रमुख कारण उरलें आहे, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांत तें कितीतरी अधिक आढळतें.

यावरील उपायाची कथा मनोरंजक आहे. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील डॉ. मरे यांनीं अवटु मंद पडल्यामुळें सुजलेल्या, सुस्तावलेल्या एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोंचून पाहिला. कांहीं महिन्यांत ती बाई हिंडूंफिरूं लागली, बोलूंचालूं लागली, आणि त्यानंतर २८ वर्षें जगली. तेवढ्या काळांत तिच्या औषधासाठीं ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १९१४ सालीं केंडाल यांनीं अमेरिकेंत शुद्ध थायरॉक्सिन वेगळें काढलें; १९२७ सालीं हॅरिंग्टन आणि बार्जर यांनीं तें प्रयोगशाळेंत तयार केलें. त्यामुळें मेंढ्या सुटल्या, आणि माणसाला एक लहानशी स्वस्त गोळी मिळाली. ती सकाळीं उपाशीपोटीं पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहाहि घेऊं नये. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनीं घ्याव्या. बरें वाटूं लागलें म्हणून ती आपल्या मनानें सोडूं नये; बहुतेकांना ती जन्मभर घ्यावी लागते.

मोठ्या माणसाचें नुकसान गोळीनें भरून निघतें. नवजात बाळाचें तसें नाहीं, आणि या विषयांतील सर्वांत निकडीची गोष्ट हीच आहे. कांहीं बाळें जन्मतांच अवटु ग्रंथीवांचून असतात. कांहींची ग्रंथि भलत्या जागीं किंवा अपुरी असते. आईनें आयोडीनयुक्त मीठ खाल्लें होतें तरीहि हें घडूं शकतें. आईच्या रक्तांतून मिळालेल्या संप्रेरकामुळें जन्माच्या वेळीं बाळ बहुधा धडधाकट दिसतें. पुढें त्याची कावीळ लवकर उतरत नाहीं, तें दूध नीट ओढत नाहीं, रडणें घोगरें आणि क्षीण असतें, बेंबी बाहेर येते, जीभ मोठी दिसते. ‘किती शहाणें बाळ, रडत म्हणून नाहीं’ असें कौतुक होतें. आणि त्याच दिवसांत त्याच्या मेंदूची वाढ खुंटत असते. हीं चिन्हें उमटेपर्यंत थांबलें तर उशीर होतो. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालें तर असें मूल इतरांसारखें शिकतें, खेळतें. वर्षभरानें सुरू झालें तर उंची वाढते, पण गेलेली बुद्धि परत येत नाहीं.

तपासणी अगदीं सोपी आहे. बाळ दोन-तीन दिवसांचें असतां टांचेला सुई टोंचून रक्ताचे चार थेंब कागदावर घ्यावयाचे, एवढेंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें मुंबईसह पांच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बाळांची अशी तपासणी केली, तेव्हां सुमारें अकराशें बाळांमागें एकांत हा दोष आढळला. गोव्यांत २००८ सालीं नवजातांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सरकारनें सुरू केला. महाराष्ट्रांतील पालघर येथून ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, त्याच्या यादींत गलगंडाचा समावेश असून जन्मजात अवटुदोषाचीहि नोंद आहे. परंतु सरकारी यादी आणि गांवांतील बाळंतिणीची खोली यांत अंतर असतें. म्हणून दवाखान्यांतून बाळाला घरीं आणण्यापूर्वीं ‘याची टांचेच्या रक्ताची तपासणी झाली काय?’ हा प्रश्न बापानें किंवा आजीनें विचारलाच पाहिजे. झाली नसेल तर ती कोठें होईल, हेंहि तेथेंच विचारून घ्यावें. शाळेंत जें मूल वर्षानुवर्षें मागच्या बांकावर बसून छडी खात राहिलें, त्याच्या जन्माच्या वेळीं हा प्रश्न कोणी विचारला असता तर, असें म्हणण्याची पाळी पुन्हां कोणावर येऊं नये.

अवटूचा दुसरा दोष याच्या उलट आहे. ग्रंथि बेफाम होते आणि शरीराची चूल भडकते. खाणें भरपूर असूनहि माणूस वाळत जातो, छाती धडधडते, हात कांपतात, उकाडा सोसवत नाहीं, चिडचिड वाढते. कित्येकांचे डोळे बटबटीत होतात. १८३५ सालीं डब्लिन येथील डॉ. ग्रेव्ह्ज यांनीं याचें वर्णन केलें, म्हणून या रोगाच्या मुख्य प्रकारास त्यांचें नांव आहे. यावर गोळ्या आहेत, शस्त्रक्रिया आहे, आणि किरणोत्सर्गी आयोडीनहि आहे. ही तिसरी युक्ति फार चतुर आहे. अवटु ग्रंथि आयोडीनसाठीं सदा भुकेली असते; म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन पोटांत दिलें कीं तें बहुतेक तिच्यांतच जाऊन सांठतें आणि तिच्या अतिरेकी पेशी निकामी करतें. मुंबईस परळ येथें १९६३ सालीं स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरनें, जें आज भाभा अणुसंशोधन केंद्राचा भाग आहे, ही उपचारपद्धति आपल्या देशांत रुजविण्यास मोठा हातभार लावला.

आतां पुन्हां मिठाकडे वळूं. आयोडीन सर्वांना पोंचवावयाचें तर तें अशा वस्तूंतून दिलें पाहिजे जी गरीबश्रीमंत सर्वच खातात, रोज खातात, आणि जवळजवळ सारखीच खातात. अशी वस्तु मीठच. स्वित्झर्लंडांत १९२२ सालीं हा मार्ग प्रथम चोखाळला गेला. आपल्या देशांत डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५६ सालीं कांगडा खोऱ्यांत मोठा प्रयोग आरंभिला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांतील लोकांना आयोडीनयुक्त मीठ दिलें आणि एका भागास साधें मीठ. कांहीं वर्षांनीं पाहतां पहिल्या दोन भागांत गलगंड ठळकपणें घटला होता. साध्या मिठाच्या भागांत तो होता तेथेंच होता. त्यानंतर त्या भागासहि आयोडीनयुक्त मीठ देण्यांत आलें. १९६२ सालीं राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८३ सालीं खाण्याचें सर्वच मीठ आयोडीनयुक्त करण्याचें ठरलें, आणि १९९२ सालीं कार्यक्रमाचें नांव बदलून त्यांत आयोडीनच्या उणिवेच्या सर्व विकारांचा समावेश झाला. २००० सालीं साध्या मिठाच्या विक्रीवरील बंदी केंद्र सरकारनें उठविली होती. २००६ सालीं ती पुन्हां लागू झाली.

घरांत पोंचणाऱ्या मिठांत किलोमागें निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावें असा दंडक आहे. म्हणजे दहा ग्रॅम मिठांतून १५० मायक्रोग्रॅम मिळतें. याचा अर्थ आयोडीनसाठीं मीठ जास्त खावें असा नव्हे. जास्त मीठ रक्तदाब वाढवितें. खावें तें थोडें, पण आयोडीनयुक्त असावें. पुडीवर हसऱ्या सूर्याचें चित्र पाहून घ्यावें. मीठ झांकणाच्या बरणींत, चुलीपासून आणि ओलीपासून दूर ठेवावें, आणि शक्य तेथें पदार्थ उतरतांना घालावें. आशा कार्यकर्तीजवळ तपासणीची लहान बाटली असते. तिच्यांतील थेंब मिठावर टाकला कीं आयोडीन असल्यास निळसर रंग उमटतो. अलीकडे सैंधव किंवा खडेमीठ ‘नैसर्गिक’ म्हणून कौतुकानें वापरण्याची चाल पडली आहे. उपवासाच्या एका दिवसाला त्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु घरांत दुसरें मीठच नसेल, आणि त्या घरांत गरोदर सून असेल, तर त्या कौतुकाची किंमत पोटांतलें बाळ देतें.

वाशीम जिल्ह्यांत खरिपाचें मुख्य पीक आज सोयाबीन आहे, आणि सोयाबीननें थायरॉईड होतो अशी भीति पुष्कळांना वाटते. सोयाबीनमध्यें अवटूच्या कामांत थोडा अडथळा आणणारीं द्रव्यें आहेत हें खरें. पण आयोडीन पुरेसें मिळत असेल तर निरोगी माणसाला बेताच्या सोयाबीनपासून धोका नाहीं. जे थायरॉक्सिनची गोळी घेतात त्यांनीं मात्र गोळी आणि सोयाबीनचे पदार्थ यांत कांहीं तासांचें अंतर ठेवावें, कारण गोळी रक्तांत शोषली जाण्यास त्यामुळें अडथळा येतो.

इतर ग्रंथींच्या रोगांतहि माणसावर अन्याय होण्याचा असाच संभव असतो. एखादें सात-आठ वर्षांचें मूल एकाएकीं अंथरुणांत लघवी करूं लागतें, सारखें पाणी मागतें आणि वाळत जातें. घरचे लोक त्याला रागावतात, रात्रीं पाणी देणें बंद करतात. त्याच्या स्वादुपिंडांतील इन्शुलिन संपत आलेलें असतें. पुढें ओकाऱ्या आणि खोल श्वास सुरू झाला तर कांहीं तासांचा खेळ उरतो. १९२२ सालच्या जानेवारींत कॅनडांतील टोरांटो येथें बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तयार केलेलें इन्शुलिन चौदा वर्षांच्या एका मुलास प्रथम टोंचण्यांत आलें. त्याआधीं या रोगाचें मूल जगत नसे. आज तें सर्वत्र मिळतें. उशीर होतो तो ओळखण्यास.

मोठ्या माणसांचा मधुमेह लठ्ठ आणि श्रीमंत लोकांचा असें पूर्वीं मानीत. पुणें येथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. हीं बाळें इंग्लंडांतील बाळांच्या मानानें हडकुळीं आणि वजनानें कितीतरी कमी होतीं. तरी त्यांच्या अंगांत चरबीचें प्रमाण त्या मानानें टिकून होतें. २००४ सालीं डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचें एक छायाचित्र ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकांत आलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण युडकिन यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१ आणि याज्ञिकांच्या अंगांत शेंकडा २१.२ होती. सडपातळ शेतकऱ्यानेंहि रक्तांतील साखर तपासून घ्यावी, हा त्याचा अर्थ.

अधिवृक्क ग्रंथींचा रोग १८५५ सालीं लंडनचे डॉ. ॲडिसन यांनीं प्रथम वर्णिला. त्यांत अंग काळवंडतें, शक्ति जाते, चक्कर येते आणि मिठाची विलक्षण हांव सुटते; कारण शरीरांत मीठ धरून ठेवणारें संप्रेरकच संपलेलें असतें. क्षयरोग हें आपल्याकडे त्याचें एक कारण आहे. दुसरें कारण माणसानें स्वतः ओढवून घेतलेलें असतें. सांधेदुखीवर आणि दम्यावर ‘हमखास गुण’ देणाऱ्या बिननांवाच्या पुड्यांत पुष्कळदां स्टेरॉईड असतें. तें अधिवृक्क ग्रंथींच्या संप्रेरकाचेंच भावंड आहे. बाहेरून आयता माल येऊं लागला कीं या ग्रंथी काम सोडून देतात. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते. आणि पुड्या एकाएकीं बंद केल्या तर जीवावर बेततें. अशा माणसानें पुडी डॉक्टरला दाखवून त्याच्या सल्ल्यानें ती हळूहळू सोडावी.

पोष ग्रंथीची हकीकत सर्वांत करुण आहे. बाळंतपणांत फार रक्त गेलें तर या हरभऱ्याएवढ्या ग्रंथीला रक्त पुरत नाहीं आणि तिचा मोठा भाग मरतो. १९३७ सालीं ग्लासगो येथील डॉ. शीहान यांनीं हा प्रकार स्पष्ट केला. त्या बाईला दूध येत नाहीं, पाळी पुन्हां सुरू होत नाहीं, आणि पुढें वर्षानुवर्षें ती थकलेली, फिकट, थंड पडलेली अशी दिवस काढते. दृष्ट काढली जाते, अंगारे लावले जातात. ज्या संप्रेरकांची उणीव पडली तीं बाहेरून देतां येतात, हें घरांत कोणाला ठाऊक नसतें. बाळंतपणांत फार रक्त गेलें होतें आणि दूध आलें नाहीं, एवढीं दोन वाक्यें डॉक्टरला सांगितलीं तरी निदानाची वाट मोकळी होते.

मूल न होण्याचा दोष तर सरसकट बाईच्या माथीं मारला जातो. तिची अवटु आणि तिचे अंडाशय तपासावेत हें योग्यच. पण नवऱ्याचीहि तपासणी त्याच दिवशीं झाली पाहिजे.

या सर्व रोगांत एक गोष्ट सारखी आहे. ते गाजावाजा करीत येत नाहींत. स्वभावाचें सोंग घेऊन येतात. आळस, मठ्ठपणा, हट्ट, चिडखोरपणा, वांझपणा हीं त्यांचीं घरांत पडलेलीं नांवें. पूर्वींच्या माणसांस दुसरें नांव ठाऊक नव्हतें, म्हणून त्यांना दोष देतां येणार नाहीं. आज रक्ताच्या थेंबावर खरें नांव कळतें, आणि पुष्कळशा रोगांवर औषधहि आहे. अशा वेळीं जुन्या नांवानेंच हांक मारीत राहणें हा मात्र दोष आहे.

खाल्ल्या मिठाला जागावें, असें आपण माणसांना सांगतों. गळ्यांतील ही ग्रंथि तर त्या मिठाला शब्दशः जागते. फक्त त्या मिठांत तिच्या वांट्याचें द्रव्य असलें पाहिजे. पूर्वीं तांडे महिनोन्महिने चालून मीठ आणीत आणि तरी तें अपुरेंच असे. आज पुरें मीठ दुकानांत हातभर अंतरावर आहे. पुडी घेतांना तिच्यावरचें चित्र पाहणें आणि दवाखान्यांत नवजात बाळाच्या रक्ताच्या थेंबांची चौकशी करणें, एवढीं दोन कामें ज्या घरांत होतील, त्या घरांतील एखादें मूल कदाचित् मागच्या बांकावरून पुढच्या बांकावर येईल.